पोज्जोवर स्प्रिंटर फुटत नाही, मागे सरकतो

शनिवारी (२२ मार्च २०२५) मिलान-सान रेमो संपली आणि पाच मिनिटांत आमच्या सायकलिंगच्या ग्रुपवर एकाने जाहीर करून टाकलं की स्प्रिंटर लोकांनी (शेवटच्या काही शे मीटरला सुसाट सुटणारे, पण चढावर जड पडणारे) आता ही रेस विसरावी, इथून पुढे पोगाचार आणि व्हॅन डर पूल या चढावरच हल्ला करणाऱ्या दोघांना सोडून कोणाचं काही चालणार नाही. त्यावर धडाधड अंगठे. मी तेव्हा भांडले नाही कारण हात कणकेत होते, आता निवांत भांडते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इटलीतली रेस, १९०७ पासूनची, प्रोफेशनल सायकलिंगमधली सगळ्यात लांब एक दिवसाची रेस, २९० किमीच्या आसपास. नावात मिलान असलं तरी २०२४ पासून सुरुवात पावियातून होतेय. पहिले पाच तास खरंच काही होत नाही, आपल्याकडे दुपारी सुरू होते तेव्हा लावून ठेवायची, झोप काढायची, चहा करायचा, भाजी निवडायची, आणि रात्री आठ-साडेआठला खुर्ची ओढून बसायचं. मग समुद्राच्या कडेने तीन छोटे चढ, मग चिप्रेसा (साडेपाच किमीचा चढ), मग नऊएक किमी सपाट, मग पोज्जो हा शेवटचा चढ, मग उतार, आणि सान रेमोच्या व्हिया रोमा रस्त्यावर फिनिश. सहा-साडेसहा तासांच्या रेसचा निकाल शेवटच्या वीस मिनिटांत. घरात विचारतात, एवढा वेळ बघायचं काय त्यात? उत्तर नाही माझ्याकडे.

आता पोज्जो. लांबी ३.७ किमी, सरासरी चढ चार टक्क्यांच्याही खाली. पुण्यातल्या माणसाला याला घाट म्हणायची लाज वाटेल, आपण सिंहगडावर जाणारी माणसं. पण इथे मी माझं सांगते. ज्यांनी ३०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत ३०० किमी पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) केलीय त्यांना शिंदेवाडीपासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंतचा हायवेचा चढ माहीत असेल. रविवारी सकाळी कैलास भेळला मिसळ खायला जाऊन येताना तो चढ आहे हेसुद्धा लक्षात येत नाही. तोच चढ साताऱ्याहून परत येताना, ब्रेव्हे कार्डावर (बीआरएमच्या नोंदीचं कार्ड) सगळे शिक्के पडलेले असताना, पायात २७० किमी असताना बघा. मागच्या खेपेला मी तिथे सगळ्यात हलका गिअर टाकला आणि तरी अजून एक गिअर असेल म्हणून अंगठा दाबत राहिले. शेजारून एक काका शांतपणे पुढे निघून गेले, त्यांच्या कॅरिअरला छत्री होती. आणि आपल्याला त्या अंतराला वीस तास मिळतात हो. ही माणसं जवळपास तेवढंच सव्वासहा-साडेसहा तासांत करतात आणि वर पोज्जो ताशी ३५ च्या पुढे चढतात.

हा वेग लक्षात ठेवा कारण सगळी मेख तिथे आहे. खड्या चढावर वेग पडला की दुसऱ्याच्या मागे लपून फार काही मिळत नाही, तिथे वजन बोलतं, साठ किलोचा माणूस पंचाहत्तर किलोच्या माणसाला सोडून जातो. पण ताशी ३५-३८ ने चढताना वारा अजून बोलत असतो, पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलात तर बरंच वाचतं. म्हणून स्प्रिंटर पोज्जोवर फुटतो हे म्हणणं मला पटत नाही, चांगला स्प्रिंटर पोज्जोवर मागे सरकतो. पायथ्याच्या उजव्या वळणावर तो पाचवा-सहावा असतो, मग ग्रीनहाऊसच्या रांगांमधून वर जाताना एकेक जण त्याला ओलांडतो, आणि वर टेलिफोन बूथपाशी डावीकडे वळून उतार लागतो तेव्हा तो पंचविसावा असतो. वीस जागा घालवल्या पण चाक सुटलं नाही. एसटीत सीट मिळाली नाही, पायरीवर लटकलाय, पण गाडीत आहे ना!

आता हेच पायथ्याला तिसावा असलेल्या माणसाचं बघा. त्याच्याकडे घालवायला जागाच नाहीत, तो थेट रस्त्यावर. म्हणून त्या वळणाआधी हायवेवर जी मारामारी होते ती माझ्या मते या रेसची खरी स्प्रिंट, आणि तिथे स्प्रिंटर स्वतः काही करू शकत नाही, त्याची टीम शाबूत असेल तर ती त्याला आणून सोडते. ज्याची टीम चिप्रेसावरच संपली त्याचं तिथेच आटोपलं, टीव्हीवर कळतं दहा मिनिटांनी एवढंच.

इतिहास बघितला तर "स्प्रिंटर जिंकू शकतात का" हा प्रश्नच एके काळी हास्यास्पद होता. १९९७ ते २०१६ या वीस रेसपैकी माझ्या हिशेबाने पंधरा स्प्रिंटर लोकांनी नेल्या. झाबेल चार वेळा, फ्रेइरे तीन वेळा, चिपोलिनी, पेताकी, कॅव्हेंडिश, गॉस, चिओलेक, क्रिस्टॉफ, डेगेनकोल्ब, डेमार. (फ्रेइरे निव्वळ स्प्रिंटर नव्हता असं म्हणणारे येतील कमेंटला, या.) झाबेलच्या खरं तर पाच झाल्या असत्या. २००४ ला पठ्ठ्याने रेषेच्या आधीच दोन्ही हात वर केले आणि फ्रेइरेने शेवटच्या क्षणी चाक पुढे घातलं. २९० च्या वर किमी चालवून हात वर करायची घाई नडली. तो फोटो बघितला की अजून पोटात गोळा येतो माझ्या.

आणि २००९. कॅव्हेंडिश २३ वर्षांचा, ही रेस पहिल्यांदाच चालवत होता, याला चढ जमत नाहीत हे सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. हाउसलर लांबूनच सुटला, मधे चांगलं अंतर पडलं, आणि कॅव्हेंडिशने ते सगळं भरून काढून रेषेवर काही सेंटिमीटरने मारलं. तोच कॅव्हेंडिश टूर द फ्रान्सच्या एकूण ३५ स्टेज जिंकला पण सान रेमो परत नाही. २०१४ ला पावसात, थंडीत तो शेवटच्या घोळक्यात होता आणि पाचवा आला, जिंकला क्रिस्टॉफ. ताज्या पायांनी दोघांना दहा वेळा पळवा, आठ वेळा कॅव्हेंडिश जिंकेल असं मी छातीठोकपणे सांगते. पण २९४ किमीनंतर कोणाचा टॉप स्पीड किती हे कोणी विचारत नाही, कोणाचा किती उरलाय एवढंच. क्रिस्टॉफसारख्या दणकट गड्याचा उरतो.

मग २०१७ पासून काय बिघडलं? २०२५ पर्यंतच्या नऊ रेसमध्ये एकच स्प्रिंटर, २०२४ चा फिलिप्सन. बाकी क्वियात्कोव्स्की, नीबाली, अलाफिलिप, व्हॅन आर्ट, स्टायव्हेन, मोहोरिच, आणि व्हॅन डर पूल दोनदा. मला वाटतं मोठा भाग खाण्याचा आहे. पूर्वी २७० किमीनंतर सगळेच रिकामे असायचे, अटॅक करणाराही आणि पाठलाग करणाराही, म्हणून घोळका परत जुळायचा. आता हे लोक तासाला ९० ते १२० ग्रॅम कार्ब पोटात ढकलतात, आणि सहाव्या तासाला पोगाचार असा उठतो की जणू आत्ताच घरून निघालाय. शनिवारी त्याने पोज्जोची वाटसुद्धा बघितली नाही, चिप्रेसावरच सुरुवात. चिप्रेसावर सुटलेला शेवटपर्यंत टिकला असं याआधी झालं होतं १९९६ ला, कोलोंबो जिंकला तेव्हा. या वेळी पोगाचार, व्हॅन डर पूल आणि गाना तिघे सान रेमोपर्यंत गेले आणि स्प्रिंटमध्ये व्हॅन डर पूलने दोघांना गुंडाळलं. गाना पोज्जोवर सुटून परत आला, ते दोनदा बघा, वजनदार माणसाने कसं चढावं याचा क्लास आहे.

म्हणजे ग्रुपवरचा आमचा मित्र बरोबर? अर्धा. २०२४ मध्ये हाच पोगाचार होता, हाच पोज्जो होता, त्याने अटॅकही केला, आणि तरी फिलिप्सनने मॅथ्यूजला चाकाच्या फरकाने मारलं, पोगाचार तिसरा. फरक काय तर व्हॅन डर पूल त्या दिवशी फिलिप्सनचा टीममेट म्हणून चालवत होता. वर पोगाचारच्या मागे चिकटून बसला, पुढे ओढलं नाही, आणि खाली आल्यावर जे जे सुटले त्यांना स्वतः पकडून आणलं. मिलान-सान रेमो आधी जिंकलेला माणूस दुसऱ्यासाठी राबतोय, असा मदतनीस रोज कुठून आणणार? पण स्प्रिंटरला आता तोच लागतो. मागून ओढणारी आख्खी टीम नको, पुढे बसून ब्रेक लावणारा एक जण हवा. तो असला आणि किनाऱ्यावर समोरून वारा असला तर पुढच्या वर्षीसुद्धा माझे पैसे स्प्रिंटरवर.

वाईट वाटतं ते केलेब यूअन या स्प्रिंटरचं. २०१८ ला दुसरा, २०२१ ला दुसरा. दोन्ही वेळा मागच्या घोळक्याची स्प्रिंट तो जिंकला, आणि दोन्ही वेळा पुढे एकच माणूस निसटलेला, आधी नीबाली, मग स्टायव्हेन. २०२१ ला तर तो पोज्जोवर पहिल्या काही जणांत बसून चढला, मागे सरकायचीसुद्धा गरज पडली नाही. सगळं बरोबर केलं आणि हातात काय, तर दुसरा नंबर. यावर ग्रुपवाले काही बोलत नाहीत.

असो, कणीक केव्हाच मळून झाली. पुढच्या महिन्यात परत ३०० ला उभी राहतेय. शिंदेवाडीला माझ्या पुढे राहील असा कोणी रुंद खांद्यांचा असेल तर मेसेज करा, केळी आणि चिक्की माझ्याकडून. छत्रीवाले काका चालतील.