‘मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवू नका’ : एक प्रतिवाद

सध्या एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच असतो. ‘एआय आता प्रोग्रॅमरपेक्षा चांगला कोड लिहितं. साध्या भाषेत सांगा, सॉफ्टवेअर तयार. संगणकशास्त्राची पदवी म्हणजे चार वर्षं वाया, मोठी माणसं तर कॉलेज सोडूनच मोठी झाली. यापुढे एक जण दहा जणांचं काम करेल आणि नऊ जण घरी बसतील. याला जे प्रोग्रॅमर विरोध करतात ते स्वतःची खुर्ची वाचवताहेत. तेव्हा मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवू नका.’

बड्या नावांमुळे त्याला वजनही आलंय. एआयसाठी लागणाऱ्या चिप विकणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईतल्या एका परिषदेत म्हणाले होते की, कुणालाच प्रोग्रॅमिंग करावं लागू नये असं तंत्रज्ञान घडवणं हेच आमचं काम आहे.

सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा पेशा आहे आणि एआयची साधनं माझ्या रोजच्या वापरात आहेत. ती फालतू आहेत असं मी म्हणणार नाही. कंटाळवाण्या कामांचा फडशा ती झकास पाडतात. माझा वाद त्या मजकुराच्या शेवटच्या वाक्याशी आहे, आणि तिथवर पोचण्यासाठी रचलेल्या प्रत्येक पायरीशी.

पहिली पायरी: ‘एआय प्रोग्रॅमरपेक्षा चांगला कोड लिहितं.’

कुठला कोड आणि कुणाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय साधनाच्या एका प्रसिद्ध प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्ट या भाषेत एक छोटा एचटीटीपी सर्व्हर (ब्राउझरनं मागितलेली पानं पुरवणारा प्रोग्रॅम) लिहायला दिला होता. ज्यांच्या हाती ते साधन होतं त्यांनी जवळपास ५६ टक्के कमी वेळात काम उरकलं. हा आकडा सगळे सांगतात. २०२५ मध्ये एमईटीआर या संशोधन संस्थेनं १६ अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं सांभाळलेल्या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांतली २४६ कामं करायला लावली. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत पुढेच आहे: सगळं संपल्यावरही या मंडळींची समजूत अशीच होती की एआयमुळे आपला वेळ २० टक्के वाचला.

१६ म्हणजे मूठभर माणसं, आणि साधनंही तेव्हापासून सुधारली आहेत. उद्या हा आकडा उलटा फिरला तरी मला नवल वाटणार नाही. पण ‘मला तर भराभर काम होतंय असं वाटतं’ हा पुरावा नव्हे, एवढं त्यातून पक्कं कळतं. पहिल्या प्रयोगात पाटी कोरी होती, दुसऱ्यात लाखो ओळींचा जुना कोड होता. आणि पगार मिळतो ते बहुतेक प्रोग्रॅमिंग कोऱ्या पाटीवर होतच नाही.

शिवाय मोठे अपघात पाहिले तर ‘कोड लिहिता आला नाही’ हे कारण सहसा सापडत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आसपास हवेत नष्ट झालं. ६४ बिटांची (बिट म्हणजे संगणकातला एक ० किंवा १) एक संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबली गेली आणि ती मावली नाही. तो कोड आधीच्या एरियन ४ रॉकेटवर व्यवस्थित चालत होता. नवं रॉकेट जास्त वेगानं आडवं सरकत होतं, त्यामुळे तीच ओळ तिथे घातक ठरली. त्याहून कहर म्हणजे, कोडचा तो भाग एरियन ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. जुन्यात होता म्हणून राहू दिला होता.

१ ऑगस्ट २०१२ ची नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीची गोष्ट तर आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते, किंवा असायला हवी. आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला, एकावर जायचा राहिला. नव्या कोडनं जो फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद करणारी खूण) वापरला होता तोच पूर्वी एका बंद पडलेल्या सोयीसाठी वापरला जायचा. आठव्या सर्व्हरवर ती सोय जागी झाली आणि शेअरांचे सौदे सुटत राहिले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. यात ‘चांगला कोड’ कुठला आणि ‘वाईट’ कुठला? प्रत्येक ओळ आपापल्या जागी ठीकच होती. चुकलं ते हे की या फ्लॅगचा इतिहास काय, मेलेला कोड अजून का पडून आहे, आठही सर्व्हर सारखे आहेत का, हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. कोड लिहिण्याचा वेग दसपट झाला की असे न विचारलेले प्रश्नही दसपट साचतात.

दुसरी पायरी: ‘साध्या भाषेत सांगा, सॉफ्टवेअर तयार.’

हे आश्वासन माझ्या पेशाइतकंच जुनं आहे. फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणाऱ्या आयबीएमच्या गटानं १९५४ च्या प्राथमिक अहवालात लिहिलं होतं की या भाषेमुळे कोडिंग आणि डिबगिंग (कोडमधल्या चुका शोधून काढणं) जवळजवळ संपुष्टात येईल. कोबोल आली १९५९-६० च्या सुमारास. तिची वाक्यं व्यवस्थापकांनाही वाचता यावीत असा आग्रह होता. १९७४ मध्ये मांडलेली एसक्यूएल या भाषेची मूळ कल्पना प्रोग्रॅमर नसलेल्यांनीही डेटाबेसला (माहितीच्या साठ्याला) प्रश्न विचारावेत अशीच होती. १९८१ मध्ये तर एक प्रोग्रॅम ‘द लास्ट वन’ नावानं विकायला आला, यानंतर दुसरा प्रोग्रॅम लिहावाच लागणार नाही म्हणून! पहिल्या तिन्ही भाषा जबरदस्त यशस्वी झाल्या, आणि त्यांच्यापायी प्रोग्रॅमरांची संख्या वाढली.

या वेळचं तंत्र खरोखर वेगळं आहे, हे मला मान्य आहे. पण अडचण तंत्राची नाहीच. एक साधं वाक्य घ्या: ‘मुदत संपली की सदस्यत्व बंद करा.’ मुदत संपते कधी? रात्री बारा वाजता? कुणाच्या घड्याळाप्रमाणे, सर्व्हरच्या की सदस्याच्या? २९ फेब्रुवारीला वर्षभरासाठी घेतलेलं सदस्यत्व कोणत्या तारखेला संपणार? नूतनीकरणाचे पैसे कापले गेलेत पण बँकेचा होकार अजून आलेला नाही, अशा मधल्या पाच मिनिटांत काय करायचं? बंद म्हणजे लॉगिनच बंद, की फक्त नवा मजकूर बंद? त्याचा डेटा ठेवायचा की पुसायचा, आणि त्याबद्दल कायदा काय म्हणतो?

चांगला प्रोग्रॅमर असले प्रश्न विचारून मीटिंगमध्ये सगळ्यांना वैताग आणतो. एआयला हेच वाक्य दिलं तर बहुतेक वेळा ते प्रत्येक प्रश्नाचं काहीतरी उत्तर स्वतःच गृहीत धरतं आणि नीटनेटका, चालणारा कोड हातात ठेवतं. काय गृहीत धरलं ते त्या कोडमध्ये लिहिलेलं असतंच. फक्त ते वाचता यायला हवं.

प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांनी केलेलं प्रोग्रॅमिंग जगात आधीपासून आहे, त्याला स्प्रेडशीट (एक्सेलसारखा ओळी-रकान्यांचा तक्ता) म्हणतात. माझं त्या साधनावर प्रेम आहे. पण २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण प्रयोगशाळांचे आकडे एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरले जात होते आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. फाइल उघडत होती, आकडे दिसत होते, सगळं चालू आहे असं वाटत होतं. दरम्यान त्या माणसांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचं काम रखडलं.

तिसरी पायरी: ‘पदवी म्हणजे चार वर्षं वाया.’

इथे मी अर्धा सहमत आहे. पाठ करून लिहायच्या परीक्षा, कागदावर शाईनं उतरवलेले प्रोग्रॅम, दहा वर्षांपूर्वीच्या फ्रेमवर्कवरचे (सॉफ्टवेअरच्या तयार सांगाड्यांवरचे) प्रश्न, यांची बाजू मी घेणार नाही. पण त्याच अभ्यासक्रमात असंही पुष्कळ असतं जे जुनं होत नाही. काही प्रश्न कोणताही संगणक कधीच सोडवू शकणार नाही हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंगनं १९३६ मध्ये सिद्ध केलं, ते आजच्या एआयलाही लागू आहे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडनं १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल (माहिती तक्त्यांत मांडण्याच्या) पद्धतीवर आजचे असंख्य डेटाबेस चालतात. माहिती दुपटीनं वाढली की काम दुप्पट होणार की चौपट, हे कागदावर सांगता येणं ही कोणत्याही वर्षी उपयोगी पडणारी गोष्ट आहे.

कॉलेज सोडलेल्यांचं उदाहरण देताना लोक बिल गेट्सचं नाव घेतात. गेट्सनं १९७५ मध्ये हार्वर्ड सोडलं खरं, पण शाळेतल्या टेलिटाइप टर्मिनलवर तो १९६८ पासून प्रोग्रॅम लिहीत होता. त्यानं पदवी सोडली; शिकणं आधीच झालं होतं. ‘शिकूच नका’ या सल्ल्याला तो दाखला कसा होतो?

खरा मुद्दा वेगळा आहे, शिकताना एआय कसं वापरायचं याचा. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. एका गटाला सरावासाठी जीपीटी-४ हे एआय मॉडेल जसंच्या तसं दिलं. सरावात त्यांची कामगिरी ४८ टक्के सुधारली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे पडली. दुसऱ्या गटाला तेच मॉडेल दिलं, पण त्यानं थेट उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेले इशारे द्यायचे असं बांधून दिलं. तिथे सरावातली सुधारणा १२७ टक्के होती आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ नाहीसं झालं. मॉडेल तेच, फरक फक्त डोकं कुणी चालवायचं याचा.

प्रोग्रॅमिंगमध्ये हे अधिकच खरं आहे. बग, म्हणजे कोडमधली चूक, शोधताना आपण काय करतो? चूक इथे असावी असा अंदाज बांधतो, तो तपासतो, खोटा ठरला की दुसरा बांधतो. हे दोनचारशे वेळा केल्यावर दुसऱ्याचा कोड वाचताना ‘इथे काहीतरी गडबड आहे’ असं खटकू लागतं. ते खटकणं हीच उद्या एआयचा कोड तपासताना लागणारी मुख्य पुंजी, आणि ती तपासून मिळत नाही, स्वतः लिहून आणि अडकून मिळते.

लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच हा पेच मांडला होता: यंत्र नेहमीचं काम करू लागलं की माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि नेहमीच्या कामातून येणारा सरावच तुटल्यानं त्या प्रसंगांना तो कमी लायक होत जातो. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं तुंबल्या, ऑटोपायलट सुटला आणि वैमानिकांच्या हाती अचानक विमान आलं. विमान उड्डाणयोग्य होतं. साडेचार मिनिटांच्या आत ते समुद्रात कोसळलं, २२८ जण गेले. तपासात एक त्रुटी निघाली ती अशी की इतक्या उंचीवर हातानं विमान चालवण्याचं प्रशिक्षण वैमानिकांना मिळालं नव्हतं. म्हणून कुणी ऑटोपायलट काढून टाकले नाहीत, आणि वैमानिकांना विमान चालवायला शिकवणंही थांबवलं नाही.

‘एक जण दहा जणांचं काम करेल, नऊ घरी.’ हे गणित जगात काम मोजकंच आहे असं धरून चाललंय. सॉफ्टवेअर स्वस्त झालं की आजवर जे परवडत नव्हतं म्हणून कुणी मागतच नव्हतं ते मागितलं जातं. फोरट्राननंतर हेच झालं. भाकितांचं म्हणाल तर २०१६ मध्ये आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणं आता थांबवा, पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल, असं सांगितलं होतं. हिंटनपेक्षा या तंत्राचा मोठा जाणकार शोधून सापडायचा नाही. यंत्रं आली, उत्तम आली, आणि रेडिओलॉजिस्टांचा तुटवडा अनेक देशांत आजही आहे. त्या वर्षी कुणी खरंच प्रशिक्षण थांबवलं असतं तर?

मात्र इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारपत्रकांच्या आधारे दाखवलं की एआयची झळ सर्वाधिक बसलेल्या व्यवसायांत २२ ते २५ वर्षांच्या तरुणांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्के घटला. अनुभवी लोकांना तसा फटका बसलेला नाही. नव्यानं शिकून येणाऱ्याला दार अरुंद झालंय, हे खरं आहे आणि मला ते अस्वस्थ करतं. पण याचा दोष शिकणाऱ्याच्या शिकण्यात नाही. फुटकळ कामं ज्युनियरना देऊन त्यांना घडवायचं, हा आमच्या कंपन्यांचा न लिहिलेला करार होता आणि तो कंपन्यांनी मोडला. दहा वर्षांनी लागणारे सीनियर कुठून येणार, याचं उत्तर तिमाहीचा हिशेब बघणाऱ्या कुणाकडेही नाही. तक्रार करायची तर तिथे करा.

राहता राहिला खुर्चीचा आरोप. चिप विकणाऱ्याचं मत निःस्वार्थ आणि प्रोग्रॅमरचं तेवढं स्वार्थी, ही वाटणी मला मजेशीर वाटते, पण ते सोडू. स्वार्थाचाच हिशेब मांडायचा तर नीट मांडू. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे बेरोजगारीचे अर्ज लोटले तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या जुन्या यंत्रणा त्या भाराखाली वाकल्या. त्या कोबोलमध्ये होत्या आणि नव्या पिढीनं कोबोल शिकणं केव्हाच सोडलं होतं. शेवटी गव्हर्नरांना कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर सांगावं लागलं. नवे यायचे थांबले की जुन्यांचा भाव असा वधारतो. मला खुर्ची वाचवायची असती तर तो मजकूर मी खोडून काढत बसलो नसतो, आणखी शंभर जणांना पाठवला असता.