वजनदार आवाज

हेडफोन ॲम्प्लिफायर, म्हणजे हेडफोनला जोर पुरवणारे यंत्र, घेताना बांधणी, आवाज आणि किंमत या तीन कसोट्या लावाव्यात, असे जाणकार सांगतात. कोल्हापुरात हे काम एकट्याने करू दिले जात नाही, हे मात्र ते सांगत नाहीत. माझा हेडफोन 300 ओहमचा, म्हणजे जास्त विद्युतरोधाचा, असून त्याला पुरेसा विद्युतदाब मोबाईल देऊ शकत नाही. म्हणून एका दुकानातून पसंतीच्या बोलीवर नऊ हजारांचे भरभक्कम यंत्र घरी आले. त्याच्या शेजारी भाच्याने सातशे रुपयांत जुळवलेले दुसरे यंत्र बसले. चू मॉय यांनी आखलेले हे विद्युतमंडल, म्हणजे एक ऑप-अँप (संकेत वाढवणारी चिप) आणि नऊ व्होल्टची बॅटरी, परदेशात हौशी लोक पेपरमिंटच्या डबीत बसवतात. भाच्याला आत्यांची हिंगाची डबी सापडली.

बांधणीची परीक्षा शेजारच्या आबांनी आपणहून घेतली. त्यांचा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे. खासबागेत पैलवान जोखावा तसे त्यांनी मोठे यंत्र उचलून तोलले, आवाजाच्या बटणावरच्या नर्लिंगवरून, म्हणजे पकडीच्या बारीक खाचांवरून, नख फिरवले आणि "फेसिंग झकास हाय" असा निकाल दिला. हे वजन बहुतांशी ट्रान्सफॉर्मरचे आहे, असे भाचा म्हणाला; "मग आवाज काय हलक्यातनं येतोय व्हय?" असे आबांनी विचारले. त्या देखण्या बटणामागचा, आवाज कमीजास्त करणारा पोटेन्शिओमीटर मात्र हलक्या प्रतीचा निघाला. आवाज अगदी लहान ठेवला की केसरबाई केरकर डाव्या कानातच गात आणि बटण बरेच फिरवल्यावर उजव्या कानात येत.

केसरबाई हा आत्यांचा आग्रह. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांच्या गावात दुसरे काही लावून परीक्षा घेणे देवल क्लब या संगीतसंस्थेच्या या जुन्या श्रोत्याला मान्य नव्हते. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाईंची भैरवी ऐकून "मोठ्या यंत्रात बाई समोर बसल्यात" असे त्या म्हणाल्या. तेव्हा भाच्याने मल्टिमीटर काढला. मोठे यंत्र किंचित मोठ्याने वाजत होते, आणि एखाद्या डेसिबलचा फरक कानाला मोठा वाटत नाही, नुसता चांगला वाटतो. त्याने दोन्ही आवाज समान केले, यंत्रांवर टॉवेल टाकले आणि डबी वासावरून ओळखू येऊ नये म्हणून मोठ्या यंत्राशेजारीही चिमूटभर हिंग ठेवला.

यानंतर घरात जी पंचाईत झाली, ती विचारू नये. दोन्ही यंत्रांचा स्वतःचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून बराच कमी असल्याने सुरांत फरक पडण्याचे कारणच उरले नव्हते. पण एवढी माणसे जमवून "सारखेच वाटते" म्हणायला कोणी धजेना. आत्यांनी एकच यंत्र पाठोपाठ ऐकून आधी "गोड" आणि मग "कोरडे" ठरवले. आबांना भारदस्त वाटलेला आवाज टॉवेल काढल्यावर डबीतून आलेला निघाला. मला तर हा निकाल फार आवडला, कारण माझे आठ हजार तीनशे रुपये वाचत होते.

आबा मात्र मागे हटणारे नव्हते. "आवाज डबीचा चांगला हाय, मान्य. पण पाव्हण्यांसमोर हिंगाची डबी ठेवणार काय? जाड ॲल्युमिनियमचं घर करून देतो, चांगलं दीड किलोचं," असे म्हणून त्यांनी खिशातून व्हर्निअर काढला आणि मापे घ्यायला सुरुवात केली. आत्यांनीही संमती दिली. डबी घासून, झाकणासकट परत मिळावी, एवढीच त्यांची अट होती.