संधीसाधू कोण, हे मी कसं ठरवतो

आपला नेता दुसऱ्या पक्षाबरोबर गेला की ती मुत्सद्देगिरी. समोरचा आपल्याकडे आला की घरवापसी. आणि आपल्यातला तिकडे गेला की गद्दार! 2019 ची अजित पवारांची पहाटेची शपथ, 2022 चं शिंदे गटाचं सुरत-गुवाहाटी, 2023 च्या जुलैमधली राष्ट्रवादीची फूट. तिन्ही वेळा माझ्या ओळखीच्या त्याच त्या लोकांनी शब्द फिरवलेले मी पाहिले. सगळ्याच पक्षांचे समर्थक आहेत त्यात. राग नेत्यांचा येतोच, पण आपण सगळे इतक्या सहज शब्द फिरवतो याचा जास्त येतो.

बाजू बदलणं हा काही गुन्हा नाही. बाबासाहेबांनी वर्षानुवर्षं काँग्रेसवर कडक टीका केली. फाळणीमुळे संविधान सभेतली त्यांची बंगालची जागा गेली, तेव्हा ते काँग्रेसच्याच पाठिंब्यावर मुंबईतून पुन्हा निवडून आले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले. त्यांना संधीसाधू म्हणायची कुणाची हिंमत आहे? मिळालेली जागा त्यांनी संविधानासाठी वापरली. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं तेव्हा, 1951 मध्ये, मंत्रिपदावर पाणी सोडून बाहेर पडले.

म्हणून मी एकच गोष्ट बघतो. बाजू बदलताना या माणसाने स्वतःचं काय पणाला लावलं?

2005 मध्ये नारायण राणे शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेले. आमदारकीचा राजीनामा दिला, मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. त्यांचं राजकारण पटो न पटो, मतदारांपुढे पुन्हा उभे राहिले हे मान्य करायलाच हवं. 2019 मध्ये उदयनराजे राष्ट्रवादीचे खासदार म्हणून निवडून आले आणि काही महिन्यांतच राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. पोटनिवडणुकीत सातारकरांनी त्यांना पाडलं. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. पण पुढच्याच वर्षी भाजपने त्यांना राज्यसभेवर पाठवलं. लोकांनी नुकतंच नाकारलेल्या माणसाला मागच्या दाराने संसदेत नेणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आता गोवा बघा. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 आमदारांपैकी 10 भाजपमध्ये गेले. विरोधी पक्षनेते काही दिवसांत उपमुख्यमंत्री झाले. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. निवडून आले 11. सप्टेंबरमध्ये त्यातले 8 भाजपमध्ये!

हे आकडे नीट बघा. पक्ष बदलूनही आमदारकी वाचवायची तर कायद्याने पक्षाचे दोन तृतीयांश आमदार एकत्र जावे लागतात. 15 चे दोन तृतीयांश बरोबर 10. 11 चे दोन तृतीयांश सात आणि वर थोडे, म्हणजे किमान 8 लागतात. दोन्ही वेळा कायद्याला जेवढी डोकी लागतात नेमकी तेवढीच. हा योगायोग आहे असं मला कुणी सांगू नये.

पक्षांतरबंदी कायदा 1985 चा. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं. 2003 च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली, पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तशीच ठेवली. म्हणजे एकटा आमदार विवेकबुद्धीने पक्षादेशाविरुद्ध मत देईल तर त्याची आमदारकी धोक्यात, आणि टोळीने ठरवून गेले तर सगळे सुरक्षित. हा उफराटा न्याय आहे. निकाल द्यायचा कुणी? विधानसभा अध्यक्षांनी, जे बहुतेक वेळा सत्ताधाऱ्यांचेच असतात. आपल्याकडे शिवसेनेचे आमदार जून 2022 मध्ये फुटले, अध्यक्षांचा निकाल आला 10 जानेवारी 2024 ला. आणि अपात्र कुणीच नाही. ना शिंदे गटातला, ना ठाकरे गटातला.

या सगळ्यात भरडला जातो तो कार्यकर्ता. आमच्या भागातल्या एकाचं सांगतो. रास्ता रोकोत पोलिसांनी उचललं, गैरकायद्याची मंडळी जमवल्याची केस लागली. ज्या पक्षाविरुद्ध तो रस्त्यावर बसला, त्याच पक्षाबरोबर आज त्याचा नेता सत्तेत आहे. हा मात्र अजून रोजंदारी बुडवून तारखेला कोर्टात जातो. वकिलाची फी खिशातून. नेत्याच्या बंगल्यावर गेला तर "बघू, साहेबांच्या कानावर घालतो" एवढंच ऐकून परत येतो. त्याच्या बायकोने मला विचारलं, "भाऊ, साहेबांचं जमलं ना आता, मग यांची केस का नाही मिटत?" मला उत्तर देता आलं नाही.

विधी आयोगाने 1999 मध्येच, आपल्या 170 व्या अहवालात, फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती काढून टाका असं सांगितलं होतं. त्यातली एक गेली, दुसरी अजून शाबूत आहे. पक्ष बदलायचाय? खुशाल बदला. आधी राजीनामा द्या, पुन्हा निवडून या, मग मंत्री व्हा. यापुढे माझ्या दारात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी हे विचारणार आहे. मी ज्या पक्षाला आजवर मत दिलं, त्याच्या उमेदवारालाही, आणि सगळ्यांसमोर.