'विकत घेतलेली संस्कृती': एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातल्या तायकोच्या, म्हणजे जपानी ढोलवादनाच्या, वर्गावरच्या माझ्या लेखाखाली 'एक जुना वाचक' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. त्यांचे आक्षेप असे: कोदो या जपानी तायको गटाचं स्थापनावर्ष चुकलंय, तायकोच्या बोलांची तबल्याशी तुलना ओढूनताणून केलीय, ढोलाचं चामडं कमावणाऱ्यांविषयी मी चकार शब्द काढलेला नाही. आणि शेवटी हे वाक्य: 'हे म्हणजे अमेरिकेत स्थायिक झालेल्यांनी फी भरून विकत घेतलेली संस्कृती, खरं तायको जपानच्या देवळात असतं.'

वर्षाची चूक मान्य. कोदो १९८१ चा, मी १९७१ लिहिलं होतं. दुरुस्ती केली आहे, आभार. बोलांचं म्हणाल तर 'दोन्', 'दोको', 'का', 'त्सु' हे बोल आधी तोंडाने पक्कं म्हणायचं आणि मगच हातात काठी घ्यायची, असं आम्हाला शिकवलं. त्यात ज्याला तबल्याचा वर्ग आठवत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही. चामड्याचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

पण 'विकत घेतलेली' हा शब्द मी सोडणार नाही. मतभेद असू शकतात, ते सांगायची एक रीत असते. जिला तुम्ही कधी भेटला नाहीत, तिचा हेतू एका ओळीत ठरवून मोकळं होणं ही ती रीत नव्हे.

आणि 'खरं तायको' म्हणजे नेमकं कोणतं? देवस्थानातला, उत्सवातला ढोल फार जुना आहे, ते कुणीच नाकारत नाही. पण लहानमोठे अनेक ढोल एकत्र, प्रत्येकाकडे वेगळी लय, ज्याला कुमिदाइको म्हणतात आणि आज जग ज्याला तायको म्हणून ओळखतं, ते उभं केलं दाइहाची ओगुची यांनी, १९५१ साली, नागानो प्रांतात. ओगुची जॅझ ड्रमर होते. सुवा देवस्थानाच्या वादनाचं एक जुनं लिखित टिपण त्यांच्या हाती आलं. ते एकाच ढोलावर वाजवणं त्यांना अपुरं वाटलं, म्हणून ड्रमसेटवर आवाज वाटलेले असतात तसे त्यांनी ते वादकांमध्ये वाटून दिले. जॅझ कुठून आलं हे मी सांगायला नको. म्हणजे ज्या अमेरिकेला तुम्ही गिऱ्हाईक ठरवलंत, ती या वाद्यमेळाच्या जन्मातच आहे.

कॅलिफोर्नियातही हे कुणी दुकानातून आणलं नाही. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या सेनशिन बौद्ध मंदिरात किन्नारा गट सुरू झाला, १९७३ मध्ये सॅन होजे तायको. जपानमध्ये केयाकी नावाच्या झाडाचं अख्खं खोड कोरून ढोल करतात. तो यांना परवडण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी वाईनची रिकामी पिंपं घेतली आणि त्यांवर कातडं चढवलं. हे गट काढणारी ही मुलं जपानी स्थलांतरितांच्या तिसऱ्या पिढीची. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबलं, त्यांतले बहुतेक इथलेच नागरिक होते. त्यातून सुटलेल्या घरांत मुलांना शिकवलं जायचं की गप्प राहा, उठून दिसू नका. त्या मुलांनी ढोल वाजवायला घेतले.

आमच्या वर्गात एक आजी आहेत, त्यांची पहिली वर्षं छावणीत गेली. मी त्यांच्याबरोबर सहा शनिवार एक पिंप घासलंय, मोटारीच्या जॅकने कातडं ताणताना धरून उभी राहिलेय. माझा हात चुकला की त्या काही न बोलता कोपर उचलून योग्य जागी आणतात. हो, मी फी भरते. हॉलचं भाडं त्यातून जातं. पुण्यात पथकाची वर्गणीही भरत होते, तेव्हा कुणी मला गणपती विकत घेतला असं म्हणालं नाही.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका पथकाकडे गेले तेव्हा मुलींना झांजा मिळतील, ढोल नाही, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या पथकाने घेतलं. चार वर्षं कमरेला ढोल बांधला, टिपरूने बोटं सोलली, पहिल्या हातापासून सगळे हात, म्हणजे वादनाचे ठेके, शिकले. 'हे वाद्य तुझं नाही' हे वाक्य मी आपल्या गल्लीत, आपल्या भाषेत ऐकलेलं आहे. ते सॅन होजेच्या जपानी वस्तीत मला अजून कुणी ऐकवलेलं नाही. तुम्ही ऐकवलंत.

जुलैत इथल्या बौद्ध मंदिरात ओबोन असतो. पूर्वजांसाठीचा नाच रस्त्यावर, गोल करून, आणि त्या गोलात कुणीही शिरावं अशी पद्धत आहे. तुम्ही या भागात असाल तर या. आणि पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहा, मीही माझ्या नावाने लिहिते.