एकदा पैसे घेतले ना?

शाळेच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. जुनी मालिका पुन्हा दाखवली की संगीतकाराला पुन्हा पैसे का द्यायचे? आमच्यातल्या एका बिल्डरने लिहिलं, ‘फ्लॅट विकल्यावर मी दरमहा भाडं मागतो का?’ त्याला धडाधड अंगठे मिळाले. मला रात्री झोप लागली नाही.

अरे, फ्लॅटमध्ये एक कुटुंब राहतं. शीर्षकगीत रोज संध्याकाळी घराघरांत शिरतं, आणि ते वाजलं की मधल्या जाहिरातींवर कुणीतरी कमावतंच. मग ज्याला ते सुचलं, तोच तेवढा हावरट कसा?

ब्रिस्टलमध्ये माझं पोट याच कामावर आहे. प्राण्यांवरच्या माहितीपटांची क्यू शीट मी भरते. संगीत कितव्या मिनिटाला सुरू झालं, किती सेकंद वाजलं, कुणाचं. पेंग्विन घसरताना १७ सेकंद बासरी वाजली, तर तीही नावासकट लिहायची. शीट पीआरएसकडे, म्हणजे संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या इथल्या संस्थेकडे जाते आणि त्यावरून कुणाला किती ते ठरतं. आमच्या गल्लीतला एक संगीतकार त्यातूनच मॉर्गेज फेडतो. कुणी त्याला भिकारी म्हणत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. पीआरएससारखीच आपली आयपीआरएस १९६९ पासून आहे. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने, ज्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, सिनेमाचं संगीत चित्रपटगृहाबाहेर वापरलं तर रॉयल्टीचा हक्क संगीतकार निर्मात्याला लिहूनही देऊ शकत नाही. कायदा झाला, पण आपल्या मनातून ‘एकदा दिले ना’ जात नाही.

संगीतकार वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले. ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ त्यांचंच. २०१९ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांच्यावर घरातली भांडी विकायची वेळ आल्याच्या बातम्या मी इथे वाचल्या आणि ऑफिसात रडले. अशोक पत्कींनी चाल लावलेलं ‘आभाळमाया’ ऐकू आलं की माझी आई अजूनही स्वयंपाकघरातून बाहेर येते. त्या माणसाच्या हातात काय पडलं असेल, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही. माझ्याही मनात आला नव्हता.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर एका मैत्रिणीने उत्तर दिलं, ‘तू पौंडात कमावतेस, तुला इथलं काय कळतं?’

ते लागलं, कारण मी तिथलीच आहे. १९९८ साली नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात नाटकांना मी कीबोर्डवर पार्श्वसंगीत द्यायचे. त्याच वर्षी मेन रोडवरच्या एका साडीच्या दुकानासाठी जिंगल केली. ५०० रुपये आणि एका कागदावर सही. माझं नाव कुठेच आलं नाही. बाबा म्हणाले, ‘हौस म्हणून ठीक आहे.’ मी भांडले नाही, घाबरले. लग्न करून इकडे आले, आणि गेली २१ वर्षं दुसऱ्यांची नावं बिनचूक लिहिते आहे. माझं एकाही शीटवर नाही. बिल्डरवर मी इतकी का चिडले ते मला ठाऊक आहे. तेव्हा मीही त्याच्याच बाजूने सही केली होती.

मागच्या दिवाळीत आईशी बोलत होते. खालून भोंगा लावलेली रिक्षा गेली. तीच जिंगल. आईने काही न बोलता फोन गॅलरीत नेऊन बाहेर धरला. मी सवयीने सेकंद मोजले. २२ भरले.