तीन लाखांवरचा कोणताही दावा, सहा महिन्यांत निकाल? कायदा असे म्हणत नाही

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे: येणे ३ लाखांच्या वर असेल तर सरळ कमर्शियल कोर्टात (वाणिज्यिक न्यायालयात) जा, दाखल केल्यापासून सहा महिन्यांत निकाल लागतो, आधीची मध्यस्थी केवळ औपचारिकता असते. उधारी अडकलेला छोटा कारखानदार यावर विसंबून कोर्ट फी आणि वेळ दोन्ही गमावू शकतो, म्हणून यातले प्रत्येक विधान तपासायला हवे.

वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ मधील १ कोटीची मूल्यमर्यादा २०१८ मध्ये ३ लाखांवर आली, हे खरे आहे. परंतु त्याआधी वाद कलम २ मधील वाणिज्यिक वादांच्या यादीत बसावा लागतो. भावाभावांतील वाटणीचा दावा कितीही कोटींचा असला तरी तिथे चालत नाही. स्थावर मालमत्तेच्या करारांबाबत अंबालाल साराभाई प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालमत्ता प्रत्यक्ष व्यापारी वापरात असली पाहिजे, पुढे तसा वापर होण्याची शक्यता पुरेशी नाही.

मध्यस्थीला औपचारिकता म्हणणे तर घातकच आहे. तातडीचा अंतरिम (निकालापूर्वीचा तात्पुरता) दिलासा मागितलेला नसेल, तर कलम १२अ प्रमाणे ती टाळून दाखल केलेले वादपत्र (दाव्याचा लेखी अर्ज) फेटाळले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाटील ऑटोमेशन निकालाने हे २० ऑगस्ट २०२२ पासून पक्के केले आहे. मध्यस्थीत गेलेला काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो, त्यामुळे तिला घाबरण्याचेही कारण नाही.

मुख्य गैरसमज सहा महिन्यांचा आहे. हा काळ दावा दाखल केल्यापासून नव्हे, तर पहिल्या प्रकरण व्यवस्थापन सुनावणीपासून (खटल्याचे वेळापत्रक ठरवणाऱ्या सुनावणीपासून) मोजायचा असतो, आणि तो निकालासाठी नसून युक्तिवाद संपवण्यासाठी आहे. निकालाला त्यापुढे ९० दिवस दिले आहेत. त्या सुनावणीआधी समन्स बजावणे, कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर (३० दिवस, फार तर १२०), कागदपत्रांची तपासणी (३० दिवस), त्यांचा स्वीकार-नकार (१५ दिवस) आणि मग सुनावणीपर्यंत चार आठवडे अशी वाट आहे. प्रतिवादीने कैफियतीचे १२० दिवस पुरते वापरले, तर सर्व मुदती काटेकोर पाळूनही समन्स बजावल्यापासून सुमारे पंधरा महिने जातात, आणि त्यात मध्यस्थीचा काळ धरलेलाच नाही.

मग या न्यायालयाचे बळ कशात आहे? त्या पहिल्याच सुनावणीत न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात, साक्षीदारांची यादी ठरवतात, शपथपत्रे, उलटतपास आणि युक्तिवादाच्या तारखा आधीच बांधून देतात. केवळ वकील हजर नाहीत म्हणून ही सुनावणी तहकूब होत नाही. १२० दिवसांनंतर कैफियत घेण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. आदेश मोडणाऱ्याचा उलटतपासाचा हक्क काढून घेता येतो, आणि आदेश मुद्दाम व वारंवार मोडणाऱ्या वादीचे वादपत्रही फेटाळले जाऊ शकते. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी वादीला हेही सांगायला हवे.