कोजागिरीला कुठला बाँड?

कोजागिरीला गच्चीवर सिनेमा दाखवायचा, हे आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एकमताने ठरलं. जेम्स बाँडचा सिनेमा दाखवायचा हेही ठरलं, कारण हिंदी लावला तर कुठल्या खानाचा यावरून दोन विंगांमध्ये वर्षभर अबोला. राहता राहिलं एवढंच, की बाँडपटांतला सर्वोत्तम कुठला.

तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "यात ठरवायचं काय? 1964चा 'गोल्डफिंगर'. शॉन कॉनरी म्हणजेच बाँड, बाकीचे सगळे बदली कामगार." कॉलेजात लेक्चर बुडवून तो पाहिल्याचं ते इतकं रंगवून सांगत होते, की सर्वोत्तम नक्की सिनेमा होता की बुडवलेलं लेक्चर, ते कळेना.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं मत 1983च्या 'ऑक्टोपसी'ला. कारण रॉजर मूर उदयपूरला येतो, कबीर बेदी आहे आणि रिक्षातून पाठलाग होताना विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना बडवतो. बाँडला मागितल्याबरोबर रिक्षा मिळते, हे मुलुंड स्टेशनबाहेर रोज उभं राहणाऱ्या माणसांना पटणं अवघड होतं. तरी चार हात वर झाले.

तेवढ्यात आजोबांनी 'नेव्हर से नेव्हर अगेन' काढला. तोही 1983चाच, आणि त्यातही कॉनरी! यावर सेक्रेटरींनी मोबाइलवर शोधून निकाल दिला, की तो वेगळ्या निर्मात्यांचा, अधिकृत पंचविसांत बसत नाही. थोडक्यात, नॉमिनल मेंबर. नावाला सभासद, मताचा हक्क नाही.

काकूंची अट साधी होती: पोरंबाळं बसणार, तेव्हा चुंबनं नकोत. मग आपल्या सेन्सॉरने 2015 साली ज्यातली चुंबनं कापून आखूड केली होती, तो 'स्पेक्टर' पुढे आला. पण आखूड म्हणजे शिल्लक आहेतच, असा काकूंचा बिनतोड मुद्दा. त्यापेक्षा रीतसर लग्न करणारा बाँड नाही का? आहे. 1969चा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'. जॉर्ज लॅझेनबी एकदाच बाँड झाला आणि त्या एका सिनेमात लग्न करून मोकळा झाला. काकू खूश. पण वरातीच्या गाडीतच नवरीला गोळी लागते हे ऐकल्यावर म्हणाल्या, "अगंबाई! सणासुदीला हे कशाला?"

मला विचाराल तर सर्वोत्तम 2006चा 'कसिनो रॉयाल'. त्यातला डॅनिएल क्रेग मार खातो, चुकतो, प्रेमात पडून तोंडघशी पडतो. म्हणजे माणूस वाटतो. मी हे तळमळीने मांडलं. त्यावर एकच प्रश्न आला: "त्यात पत्ते कुटतात ना तासभर? मग आमचा गच्चीवरचा रमीचा डाव का बंद केलात?"

शेवटी गुणवत्तेचा विषय खजिनदारांनी मिटवला. दहानंतर स्पीकर चालू राहिला तर शेजारची बिल्डिंग पोलिसांना फोन करणार. माणसं ऑफिसातून घरी येऊन, हातपाय धुऊन आठशिवाय गच्चीवर चढत नाहीत. म्हणजे हातात दोन तास. त्यातून अध्यक्षांचं प्रास्ताविक वजा, ते बारा मिनिटांखाली कधी उतरलेलं नाही. उरली एकशे आठ. 'कसिनो रॉयाल' एकशे चव्वेचाळीस मिनिटांचा, जागीच बाद. 'ऑक्टोपसी' बाद. 'गोल्डफिंगर' एकशे दहा!

"दोन मिनिटांनी?" आजोबा कळवळले. "अहो, शेवटच्या पाट्या कापा!"

"पाट्यांत कामगारांची नावं असतात," युनियनमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले खजिनदार म्हणाले. भाषणाची दोन मिनिटं कापावीत, हे सुचवायचं धाडस कोणाला झालं नाही.

यादीत अधिकृत आणि सगळ्यांत आखूड असा एकच सापडला: 2008चा 'क्वाँटम ऑफ सॉलेस', एकशे सहा मिनिटं. हॉलिवूडच्या लेखकांच्या संपात पटकथा अर्धीमुर्धी असतानाच शूटिंगला उतरलेला. पाठलाग भरपूर, गोष्ट शोधावी लागते. सभेतल्या एकाचाही तो आवडता नव्हता, त्यामुळे हरल्यासारखं कोणालाच वाटलं नाही. ठराव सर्वानुमते मंजूर. काकूंनी दूध किती लिटर, याची चौकशी सुरू केली.

अध्यक्ष मात्र कागदावर आकडेमोड करत बसले होते. "म्हणजे दोन मिनिटं उरतात," ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. "तेवढ्यात मी आभारप्रदर्शनही उरकतो."